चोळी-बांगडीचा खुलासा

शनिवारी दुपारी माझ्या दारात कोण मोठा लाटसाहेब आला तरी मी चुलीम्होरनं उठत न्हाई. पावसाळ्यात आमच्या भाजे गावच्या धबधब्यावर पुण्यामुंबईची माणसं नुसती लोटत्यात, अन् त्यातली निम्मी भिजून, गारठून माझ्या पडवीत पिठलं-भाकरी खायला येऊन बसत्यात. आमचं मालक मळवली स्टेशनावर जीप लावत्यात, तेच गिऱ्हाईक आणून सोडत्यात. अंगणात पाय ठेवायला जागा नसती, सगळं गाड्यांनी भरलेलं. तर त्या शनिवारी त्या गर्दीत आणिक एक पांढरी गाडी घुसली अन् त्यातनं माझा धाकटा भाऊ संदेश उतरला. मागनं त्याची बायको राजेश्वरी, हातात पेढ्याचा पुडा. मी तव्यावरची भाकरी उलटली अन् म्हणलं, "काय रं, दिवाळीला अजून लय अवकाश हाय. आज वाट चुकलास का?"

कारण हा भाऊ वरसातनं एकदाच माझ्या दारी यायचा, दिवाळीला मला माहेरी औंढ्याला न्यायला. एरवी फोन. तो बी मीच करायची.

"ताई, तुझी एक सही पायजे," तो म्हणला. अजून पाण्याचा तांब्या बी हातात घेतला नव्हता.

मला हसूच आलं. म्हणलं, बरोबर हाय, पेढे काय उगाच येत न्हाईत. ह्या भावाला माझी सही लागायची ही दुसरी खेप.

पहिली सही दिली तवा आबा, म्हंजे आमचे वडील भिमाजी, हयात होते. औंढ्याच्या रानाला भाव आलता, बंगलेवाले जमिनी हुडकत दारोदार हिंडत होते. आबांनी ठरवलं, सगळं रान संदेशच्या नावावर करून मोकळं व्हायचं. मला सांगावा आला, आधार कार्ड घेऊन वडगावला ये. गेले, अन् कचेरीत हक्कसोड करून दिलं. आमच्याकडं ह्यात काय नवल न्हाई. लेकीचा हिस्सा म्हंजे चोळी-बांगडी. लेकीनं रान सोडायचं, अन् भावानं दिवाळीला साडी-चोळी करायची, हातभर बांगड्या भरायच्या अन् माहेरचं दार उघडं ठेवायचं. हे कुणी कुणाला लिहून देत न्हाई. कार्ल्याच्या धोंडाबाईनं कोर्टात जाऊन हिस्सा घेतला, तर भावांनी तिला आईच्या दहाव्याला सुद्धा कळवलं न्हाई. तिचं चुकलं असं मी म्हणणार न्हाई. पण मला रानापरीस माहेर पायजे होतं, म्हणून मी सही केली. आईला तर कुणी इचारलंच न्हाई. ती कचेरीबाहेर पायरीवर बसून आमच्या सगळ्यांच्या भाकरीचं फडकं सांभाळत होती.

आबा गेले, अन् संदेशनं ते रान एका रिसॉर्टवाल्याला विकलं. घर तेवढं राहिलं. बक्कळ पैसा आला, गाडी आली, घराला फरशी बसली. मी एका शब्दानं काय म्हणले न्हाई. सोडलं म्हंजे सोडलं.

"आता कशाची सही?" मी इचारलं.

"आमी अमेरिकेला चाललोय ताई. कायमचं."

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. पडवीतनं एक पोरगी वरडली, "काकू, अजून एक भाकरी!" मी म्हणलं, "थांब गं बाई, जीव खाऊ नको."

मंग राजेश्वरीनं समजावलं. तिकडं एका मागास भागात कोण तरी मोठं हॉटेल बांधतंय. त्यात आपण पैसे घालायचे. त्या पैशातनं तितल्या धा माणसांना काम मिळालं, की आपल्याला तितं कायमचं राहायचं कार्ड मिळतं. नवऱ्याला, बायकोला अन् एकविसाच्या आतल्या बिनलग्नाच्या पोरांना.

"म्हंजे हितलं रान हॉटेलाला दिलं अन् ते पैसे तितल्या हॉटेलात घालायचे," मी म्हणलं. "हॉटेलातनं उठायचं अन् हॉटेलात बसायचं. वा रं शहाण्या."

"चेष्टा नको ताई. आमची अनुष्का पुढच्या महिन्यात एकविसाची व्हणार. त्याच्या आत फाईल गेली तर तिचं नाव आमच्यात धरत्यात. न्हाई तर पोरगी हितं अन् आमी तितं."

"मंग घाल की फाईल. माझ्या सहीचं काय नडलंय?"

तवा कुटं खरं बाहेर आलं. पैसा कुटनं आला हे तिकडचं सरकार मुळापासनं इचारतं. रान विकलं, बरं. रान कुणाचं? बापाचं. बापाला पोरं किती? दोन. मंग बहिणीचा हिस्सा कुटं गेला? ह्या बहाद्दरानं मोठ्या तोऱ्यात लिहून दिलं, की बहिणीनं हिस्सा सोडला, अन् त्याबद्दल मी तिला दरवर्सी चोळी-बांगडी करतो, एक दिवाळी चुकवली न्हाई. त्याला वाटलं, तिकडनं फाईल करणाऱ्या गोऱ्या वकिलाला बरं वाटंल, म्हणंल काय गुणाचा भाऊ हाय! त्या वकिलानं चोळी-बांगडी म्हंजे काय ते हुडकून काढलं अन् कपाळावर हात मारला. म्हणला, एवढं रान एका ब्लाऊजवर अन् काचेच्या बांगड्यांवर? तुमी तर बहिणीला फसवलंत. अन् फसवून आलेला पैसा तिकडं चालत न्हाई.

"आरं बैला!" मी म्हणलं. "तुला कुणी सांगितलेलं त्याला चोळी-बांगडी सांगायला?"

"मला काय ठावं? आपल्यात असतंय ते मी सांगितलं," संदेश म्हणला. तोंड अगदी बारीक झालं होतं त्याचं. "आता तू तुझ्या तोंडानं सांगायचं. खुशीनं दिलं, बदल्यात काय घेतलं न्हाई. लोणावळ्याला ह्या वकिलांचं ऑफिस हाय. तितं टीव्हीवर वकील दिसंल, त्याच्याशी बोलायचं अन् कागदावर सही करायची. संपलं."

तव्यावरची भाकरी करपली होती. मी ती काढून बाजूला टाकली अन् जे मघापासनं मनात होतं ते इचारलं. "अन् आई?"

संदेशनं राजेश्वरीकडं बघितलं. राजेश्वरीनं पेढ्याच्या पुड्याकडं.

"आईबापाला धरत न्हाईत त्यात," तो म्हणला. "आमाला तितलं नागरिक करून घेतलं की मंग बोलवता येतं."

"कवा?"

"लागतील काय वर्सं."

"आई पंचाहत्तरीला आलीय संदेश. तिला ठावं हाय का हे?"

राजेश्वरीच हळूच म्हणली, "त्यांना आमी सांगितलंय, तुमी बी चालला म्हणून. न्हाई तर रडून गोंधळ घातला असता त्यांनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडवीत गिऱ्हाईक नसतं तर मी त्या दोघांना हातातल्या फुकणीनं हाणलं असतं. एवढंच म्हणले, "पेढे घेऊन जा. मी तोंड गोड करावं असं काय झालेलं न्हाई."

पर आईच्या काळजीनं मला काय चैन पडंना. सोमवारी गिऱ्हाईक नसतं, मी औंढ्याला गेले. आई, सरुबाई, ओट्यावर बसून वाल सोलत होती. मला बघून उठली अन् आधी घरात गेली, अन् लोणावळ्याच्या बाजारातनं संदेशनं आणून दिलेलं जाड्ड जांभळं स्वेटर घेऊन आली. "बघ गं, तितं लय थंडी असती म्हणं." मी स्वेटर हातात घेऊन नुसती चाचपत बसले.

गोठ्याकडं बघितलं तर खुंटा रिकामा. "शेळी कुटंय?"

"कस्तुराबाईला दिली. जायचंच हाय तर कशाला तिला ठेवायची? तिच्याकडं चार शेळ्या हायेतच, पाचवी रमंल." अन् असं म्हणून ती परत वाल सोलायला बसली. "कालच समदी लोणावळ्याला जाऊन फोटो काढून आली. लहान लहान असत्यात ते, पांढरं पाठीमागं असलेलं. अनुष्काचा काय झकास आलाय."

"हं," मी म्हणलं.

थोड्या वेळानं तिनं इचारलं, "तुपल्या मागल्या पडवीला अजून गळतं का गं?"

"न्हाई, औंदा पत्रा बदलला. का गं?"

"काय न्हाई, आपलं इचारलं."

मला तवा कळायला पायजे होतं. पण माझं डोकं सगळं त्या स्वेटरात अडकलं होतं. एवढं मोठं खोटं बोलून ह्यानं म्हातारीच्या हातनं तिची शेळी बी देऊन टाकायला लावली, हाच राग डोक्यात भिनला होता.

संदेश मला रस्त्यापतोर सोडायला आला. वाटंत आमचं जुनं रान लागतं. आता तितं दगडी भिंत हाय, लोखंडी गेट हाय, आत गवताची हिरवी चादर पसरल्यागत लॉन. गेटवर आमच्याच भावकीतला धोंडिबा वॉचमन हाय, निळा शर्ट अन् शिट्टी. संदेश तितं थांबला.

"ताई, तुला वाटत असंल मला पैशाची मस्ती आली म्हणून चाललोय," तो म्हणला. "मागल्या महिन्यात मला आबांचा बांध बघावासा वाटला. तो आंब्याजवळचा. गेटवर आलो, तर धोंडिबानं माझं नाव वहीत लिहून घेतलं. त्याचा काय दोष न्हाई, त्याला तसं सांगितलंय. म्हणला, कुणाकडं जायचंय? आता मी काय सांगू, कुणाकडं जायचंय? सकाळी उठतो, आंघोळ करतो अन् संध्याकाळ कवा व्हती याची वाट बघतो. माझं हितं काय काम राहिलंय? तितं निदान कोण वळखीचं तरी नसंल."

माझा राग थोडा उतरला, खोटं का बोलू. लहानपणी ह्याच बांधावर तो माझ्या पाठीवर बसून भाताच्या राखणीला यायचा. ह्याचं नाक मीच पुसलंय. आपलेच दात अन् आपलेच ओठ, चावायचं तरी कुणाला?

"मी सही करते," मी म्हणलं. "पण एक ऐक. आईला खरं काय ते तू सांगायचं. तुझ्या तोंडानं. ती कुटं राहणार, कशी राहणार, ते तिला इचारायचं. जलमात एकदा तरी तिला कुणीतरी इचारू दे. सांगितलंस तरच मी सही करणार."

"सांगतो की."

"कवा?"

"फाईल गेली की लगीच. दिवाळीच्या आत. एकवीराआईची शपथ."

एकवीराआईची शपथ आमच्यात कुणी मोडत न्हाई. म्हणून मी आधी सही करायला तयार झाले. आधी सांग मंग सही, असं म्हणायला पायजे होतं. पण भाऊ शपथ घेतोय अन् बहीण म्हणती आधी करून दाखव, हे काय शोभतं का?

लोणावळ्याचं ते ऑफिस एका चप्पलच्या दुकानावर होतं. आत गारेगार, भिंतीवर अमेरिकेचा नकाशा, काचेच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं. तितं अश्लेषा म्हणून तळेगावची एक पोरगी वकील होती, साधी, चष्मा लावलेली. मला म्हणली, "मावशी, घाबरू नका. तिकडचे वकील इंग्रजीत विचारतील, मी मराठीत सांगेन. जे आहे तेच सांगा."

"मी कशाला घाबरू," मी म्हणलं. "घाबरायचं त्यानं." अन् संदेशकडं बघितलं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता अन् घामानं पाठ भिजली होती.

टीव्हीवर गोरा वकील दिसला. म्हातारा होता, बरा वाटला. तितं रात होती म्हणं. त्यानं हसून रामराम घातला, म्हंजे हात हालवला. मंग सुरू झालं.

"तुमच्यावर भावानं किंवा वडिलांनी दबाव आणला होता का?"

"न्हाई."

"आपण काय सोडतोय, त्याची किंमत काय, हे माहीत होतं का?"

"माझ्या बापाचं रान हाय, मला ठावं नसंल तर कुणाला असंल?"

अश्लेषानं ते कसं सांगितलं कुणास ठाऊक, वकील हसला. मंग त्यानं चष्मा काढला अन् हळू काहीतरी इचारलं. अश्लेषा माझ्याकडं वळली. "ते विचारतायत, दर दिवाळीला भाऊ साडी आणि बांगड्या देतो, ते कशाबद्दल?"

"मी बहीण हाय म्हणून."

"जमीन दिली नसती, तरी त्यानं दिलं असतं का?"

आता हे कुणी इचारतं का कुणाला? औंढ्यात न्हाई, भाज्यात न्हाई, कार्ल्यात न्हाई, आजपतोर कुणी कुणाला इचारलं न्हाई. सात समिंदरापल्याडच्या एका म्हाताऱ्यानं चष्मा पुसत इचारलं. मी संदेशकडं बघितलं. तो टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलाची पाकळी कुरतडत होता. माझ्या डोळ्याम्होरं धोंडाबाई आली, दिवाळीच्या दिवशी दार लोटून घरात बसलेली. खरं सांगते, मला उत्तर ठावं नव्हतं. अजून बी न्हाई.

"व्हय," मी म्हणलं. "दिलं असतं. माझा भाऊ हाय तो."

"म्हणजे जमिनीच्या बदल्यात तुम्हाला काहीच मिळालेलं नाही?"

माहेर मिळालं की, असं माझ्या ओठावर आलं होतं. आलं अन् गिळलं. "न्हाई," मी म्हणलं. "काय न्हाई मिळालं."

इतक्या दिवाळ्यांच्या साड्या, आईच्या हातच्या करंज्या, त्या ओट्यावर पाय पसरून घालवलेल्या दुपारी, सगळं मी माझ्या तोंडानं पुसून टाकलं. रडू आलं. पण परक्या माणसाम्होरं रडायचं न्हाई ही आईची शिकवण, म्हणून पदरानं नाक पुसलं अन् सही केली.

संदेश लय खूश झाला. खाली बाजारात म्हणला, "चल ताई, आजच तुला पैठणी घेतो." तेवढ्यात अश्लेषा जिन्यातनं धावत आली. "संदेशदादा, एक राहिलं सांगायचं. निकाल लागेपर्यंत ताईंना काही देऊ नका. साडी नाही, पैसे नाहीत, काहीच नाही. तुम्ही आधी लिहून दिलंय की जमिनीबद्दल दर दिवाळीला देता. आज त्यांनी सांगितलं, बदल्यात काही नाही. आता परत दिलंत तर त्यांचं आजचं निवेदन खोटं ठरेल."

"अन् भाऊबीजेला?" संदेशनं इचारलं.

पोरीला बी कळलं असणार आपण काय बोलतोय ते. "यंदा नको," ती म्हणली. "सॉरी मावशी."

"तू कशाला सॉरी म्हणतीस बाई," मी म्हणलं. "आमीच आमची अक्कल गहाण टाकली, तू काय करणार?"

फाईल गेली. अनुष्काचं नाव त्यात बसलं. दसरा झाला, भातं पिवळी पडली. मी फोन केला की आधी इचारायची, "आईला सांगितलंस?" तो म्हणायचा, "सांगतो गं, चांगला दिवस बघून." हत्ती गेला होता अन् शेपूट राहिलं होतं, ते काय ह्याच्यानं निघंना.

भाऊबीजेला मी औंढ्याला गेले. ह्या वरसाला कुणी न्यायला आलं न्हाई, मीच जीपनं गेले. न्यायला येणं म्हंजे बी देणंच की, असं राजेश्वरीनं धरलं असावं. दारात संदेश भेटला. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"सांगितलंस का?"

"उद्या सांगतो ताई. आज सण हाय."

"तू एकवीरेची शपथ घेतलीस."

"उद्या नक्की. आज तिनं पहाटं उठून माझ्यासाठी खीर केलीय. आज कसं सांगू?"

मला असा संताप आला की तिथनंच माघारी फिरावं. पण आत आई पाट मांडत होती, पाटाभवती तांदळाची रांगोळी वढत होती, वाकून वाकून. कंबर धरून एकदा थांबली, परत वाकली. मी गप आत गेले.

संदेश पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी अन् अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो," तोंडानं म्हणत होते, पण मन कशात नव्हतं. आई भिंतीला टेकून बसली होती. राजेश्वरी दाराशी उभी. अनुष्का मोबाईलवर फोटो काढत होती.

ओवाळून झालं. मी ताट त्याच्या म्होरं खाली ठेवलं. आमच्यात ओवाळणी पडल्याबिगर बहीण ताट उचलत न्हाई. दरवर्सी ह्याच वक्ताला आमची थट्टा चालायची. मी म्हणायची, "ताट उपाशी हाय रं." तो म्हणायचा, "थांब की, बैल विकून आलो न्हाई अजून." औंदा कुणी काय बोललं न्हाई. त्याचा हात आपसूक खिशाकडं गेला. दाराशी राजेश्वरी खाकरली. हात परत मांडीवर आला.

"ताई, औंदा..."

"ठावं हाय," मी म्हणलं. "ठावं हाय रं मला."

पण मला काय ते ताट उचलवंना. हात म्होरं नेला अन् तसाच राहिला. निरांजनाची वात फडफडत होती, सुपारी होती, अक्षता होत्या, अन् मधी नुसती मोकळी पितळ. संदेशनं मान खाली घातली. मला वाटलं, आता टाकंल. फाईल गेली खड्ड्यात म्हणंल अन् एक नाणं तरी टाकंल. मी खरंच वाट बघत होते. तो मान खाली घालूनच बसला.

तवा आई उठली. भिंतीला हात लावत आली, कमरंच्या पिशवीची दोरी सोडली अन् दहाचं नाणं काढून माझ्या ताटात टाकलं.

"आई, हे काय करतीस? भावानं घालायची असती," मी म्हणलं.

"त्यानं घातली तर कागद खोटा पडतो म्हणं," आई म्हणली. "माझं नाव कुठल्याच कागदावर न्हाई. वडगावच्या बी न्हाई अन् अमेरिकेच्या बी न्हाई. मी घातली तर कोण इचारतंय?"

अनुष्कानं मोबाईल खाली घेतला.

संदेशनं मान वर केली. "आई, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाया कशाला पायजे? कागदाचं तुमी दोघं बोलता ते भिंतीआडनं ऐकू येतं मला. पोरीचा फोटो काढला, बायकोचा काढला, तुपला काढला. माझा कुणी काढला न्हाई. मी काय येडी हाय?" ती रागानं बोलत नव्हती, वाल निवडताना बोलावं तशी बोलत होती. "मी म्हणलं, सांगंल आज, सांगंल उद्या. तुला सांगवंना अन् मला इचारवंना."

मी तिच्याकडं वळले. "अगं, मंग शेळी कशापायी देऊन टाकलीस?"

"तुझ्या भाज्याच्या अंगणात कुटं बांधायची गं? समद्या गाड्याच उभ्या असत्यात."

मी खालीच बसले. म्हंजे माझ्याकडं यायचं तिचं तवाच ठरलं होतं. ती पडवी, ते गळणं. अन् मी तिला म्हणले, पत्रा बदलला, का गं. संदेश पाटावरच ओंजळीत तोंड घालून रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, खांदे हालवत. मला त्याची कीव बी आली अन् एक लगावून द्यावी असं बी वाटलं. मी उठले अन् आईच्या दंडाला धरलं. "चल. तुपलं काय असंल ते पिशवीत घाल. आत्ताच्या आत्ता निघायचं. ह्या घरात मला पाण्याचा थेंब बी नको."

आईनं माझा हात सोडवला.

"आधी त्याला वाढ," ती म्हणली. "परत कवा बसायचा तो हितं जेवायला. पिशवी काय, मी कवाच भरून ठेवलीय."

मी ताट उचललं. ते नाणं पदराला बांधलं. मंग चुलीपाशी गेले अन् त्याचं पान वाढलं, आईनं खिरीची वाटी भरून त्याच्या उजव्या हाताला ठेवली.